लाल फडकं कोणाच्या दारात

पैज लागली ती कोकोच्या दुसऱ्या कपावर. लावली ती अशा दोघांनी, ज्यांच्या शब्दाला वाईसालू गावात कुत्रं विचारत नव्हतं.

"बांधणार," एनेलिको म्हणाला. "तुझी बहीण तुझ्या भावाच्या घराला लाल फडकं बांधणार. अख्ख्या गावासमोर."

"नाही बांधणार," पेसामिनो म्हणाला. "अरे, दादाच्या घरी मासा शिजला की पहिला तुकडा ताईला जातो. आणि ताई चारचौघांत दादाला मान खाली घालायला लावत नाही. आमच्याकडे बहीण-भावाचं हे असंच चालत आलंय, आजोबांच्याही आधीपासून. डासांपायी मोडेल होय?"

"तुझी ताई इस्पितळातून आल्यापासून वेगळीच झालीय. परवा माझ्या पायरीवर करवंटी दिसली तर मला म्हणाली, तुझं डोकं तरी उपडं घालून ठेव, त्यातही पाणी साचत असेल."

"मग साचतच असेल. बोल, काय लावतोस?"

एनेलिकोनं विचार केला. तो विचार करताना कान खाजवायचा. तंटा कुंपणाचा असो की कोंबडीचा, लहानपणापासून शेजारी म्हणून पेसामिनो तो कान बघत आला होता.

"हरेल त्यानं रविवारी प्रार्थना सुटल्यावर मच्छरदाणी नेसायची. नवरीसारखी. आणि चर्चपासून बसथांब्यापर्यंत चालायचं, ते रेडिओवरचं डासांचं गाणं म्हणत."

"मच्छरदाणी आणायची कुठून? आरोग्य खात्यानं गावाला वाटलेल्या सगळ्या मच्छरदाण्या मासे पकडायला गेल्या."

"माझी आहे. अजून पिशवीतच आहे."

"तरीच तुला डास चावतात."

दोघांनी हातावर हात मारला आणि कोको संपवला.

झालं होतं असं, की यंदा डेंग्यूचा ताप बेटावर आला तो जायचं नावच घेईना. आरोग्य खात्यानं हुकूम काढला: घराभोवती पाणी साचेल असं काही ठेवायचं नाही, आणि तपासणी प्रत्येक गावाच्या महिला कमिटीनं करायची. ज्या घरात अळ्या सापडतील त्या घराला लाल फडकं, वर माशांच्या डब्यांचं एक खोकं दंड. गावातल्या मानकऱ्यांच्या बैठकीनं तो हुकूम मान्य केला. मान्य करताना भाषण केलं तूईमासानं. तूईमासा ही घराण्याची पदवी, आणि ती धारण करणारा पेसामिनोचा थोरला भाऊ गावाचा बोलका मानकरी, म्हणजे गावाच्या वतीनं भाषण करणारा. दादाला साधं मीठ मागायचं असलं तरी तो आधी समुद्राची वंशावळ सांगायचा. त्या दिवशी त्यानं डासांच्या विरोधात एवढं सुंदर भाषण केलं, की दोघातिघांचे डोळे भरून आले. आपल्या घरीही तपासणी होणार, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि कमिटीची अध्यक्ष होती लांगीमाईना. तूईमासाची आणि पेसामिनोची थोरली बहीण.

*

रविवारी दुपारी सगळे तूईमासाच्या घरी जेवायला जमले. चहूबाजूंनी उघडं घर, खांबाखांबाला पाठ टेकून माणसं बसलेली. पेसामिनो पानांचा पंखा घेऊन जेवणावरच्या माश्या हाकत होता. पन्नाशी उलटली तरी त्याला पदवी नव्हती, आणि पदवी नसलेल्यानं वाढायचं असतं. ऑकलंडच्या मांसाच्या कारखान्यात त्यानं वीस वर्षं काढली, ती गावाच्या लेखी नुसती शिकाऊ उमेदवारी होती. पण वाढणाऱ्याचा एक फायदा असतो. त्याच्यासमोर सगळे मनमोकळं बोलतात.

लांगीमाईना पांढरा झगा आणि पांढरी टोपी घालून, सगळ्यात चांगल्या चटईवर बसली होती. माशाचा पहिला तुकडा तिच्याच पुढ्यात गेला. तो तिनं खाल्ला नाही.

तूईमासानं घसा साफ केला. "ताई, बुधवारच्या तपासणीबद्दल बैठकीत थोडी चर्चा झाली."

"कसली चर्चा? ठराव झालाय."

"ठराव आहेच. ठराव उत्तम आहे. फक्त अंमलबजावणीच्या बाबतीत..." त्यानं खांद्यावरची नारळाच्या काथ्याची, मानकऱ्याच्या मानाची चवरी दुसऱ्या खांद्यावर टाकली. हे झालं की समजावं, भाषण लांब आहे. "पहिली गोष्ट. पाळकांचं घर वगळावं. देवाच्या माणसाच्या मागच्या अंगणात आपण वाकून बघणं बरं दिसत नाही."

"डास बघतात की वाकून."

"दुसरं, दुकानदाराचे टायर. त्यानं चर्चच्या छपराला पत्रे दिलेत."

"मग टायरवर पण पत्रे टाकायला सांग."

"तिसरं, मानकऱ्यांच्या घरांना आदल्या दिवशी वर्दी द्यावी. चौथं, शाळा सरकारची, तिथे सरकारनं बघावं. पाचवं, ज्यांची माणसं परदेशात आहेत त्यांची घरं बंद आहेत..."

"उरलं काय मग?" लांगीमाईनानं विचारलं.

पेसामिनो माश्या हाकता हाकता बोलून गेला, "एनेलिकोचं घर उरलं. आणि नदीकाठची ती म्हातारी. तिच्याकडे एकच भांडं आहे, आणि ते तिच्या तोंडाला लागलेलं असतं."

फोतू हसली. फोतू तूईमासाची बायको, आणि कमिटीची चिटणीस. नवऱ्यानं बघताच तिनं हसू पाल्याच्या भाजीत लपवलं.

लांगीमाईना मात्र हसली नाही. "लेमुएलुच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी इस्पितळात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. माझा नातू. बाजूच्या खाटेवरचं पोर गेलं. त्याची आई मला म्हणाली, आमच्या गावात पण ठराव झाला होता." ती तूईमासाकडे बघत म्हणाली, "खालच्या आळीत आज दोन पोरं तापलीत. एकाही घराला सवलत नाही. बुधवारी तुझ्या घरापासून सुरुवात."

"माझ्या? ताई, मी तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर सुरुवात."

सगळ्यांनी एकदम ताटात बघायला सुरुवात केली. ताटात बघण्यासारखं काही नव्हतं.

तूईमासाचा आवाज खाली आला, आणि त्याबरोबर भाषणही गेलं. "ऐक. अर्धी बैठक आधीच म्हणतेय, बायकांना घराघरांत शिरू देऊ नका. माझ्या दारात लाल फडकं लागलं तर ते म्हणतील, जी भावाची लाज ठेवत नाही ती आमची काय ठेवणार. कमिटीचे अधिकार काढून घेतील. मी अडवू शकणार नाही."

"आणि नाही लागलं, तर म्हणतील तपासणी म्हणजे नाटक. मग कोण करवंटी उपडी घालणार?"

"तुझी काळजी वाटते म्हणून सांगतोय."

"माहितीय," लांगीमाईना म्हणाली. तिनं तो मासा उचलून पेसामिनोला दिला. "खा. तुझा पंखा थांबलाय."

पेसामिनोचा पंखा थांबला होता, कारण तो दादाचं अंगण बघत होता. दारापुढे रंगवलेल्या टायरांची रांग, त्यांत फुलझाडं. स्वयंपाकघरामागे करवंट्यांचा डोंगर. फणसाखाली डुकरांचं जुनं टमरेल, त्यात हिरवं पाणी. मासा त्याच्या हातातच राहिला. ताई बांधणार होती. त्याला मच्छरदाणीतला स्वतःचा मुखडा डोळ्यांपुढे दिसला.

*

पैज जिंकायची म्हणजे अंगण साफ हवं. दादाला सांगावं तर दादा आधी भाषण करेल. फोतूला सांगावं तर ती ताईला सांगेल. आणि दिवसाढवळ्या पेसामिनो काम करताना दिसला असता तर लोकांनी पाळकांना बोलावलं असतं.

म्हणून त्यानं मंगळवारची संध्याकाळची प्रार्थना निवडली. शंख वाजला की गाव आपापल्या घरात बसून भजन म्हणतं. रस्त्यावर फिरायला बंदी. तरणी पोरं पहारा देतात आणि सापडेल त्याला दंड करतात. पण दुसऱ्याच्या अंगणात रांगण्याबद्दल नियमात काही नव्हतं.

घरातून भजन सुरू झालं तसा पेसामिनो अंधारात टायरांपासून सुरू झाला. टायर वाकवला, पाणी सांडलं, खालून सुरीनं भोक पाडलं. करवंट्या पोत्यात भरल्या. टमरेल उपडं घातलं. डुकरानं एकदा त्याच्याकडे संशयानं बघितलं. तो फणसामागे वळला तर समोरून एनेलिको गुडघ्यांवर चालत येत होता, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेल्या करवंट्या सांभाळत. त्यातलं पाणी नुसतं वळवळत होतं.

दोघं नाकाला नाक लावून थांबले.

"हे काय?" पेसामिनो कुजबुजला.

"काही नाही. शेजाऱ्याला भेट."

"अळ्या आणल्यास? माझ्या भावाच्या घरी अळ्या पेरतोस?"

"माझ्या घरच्या आहेत. ताज्या. आणि तू काय करतोयस?"

"मी... सफाई."

एनेलिकोनं पोत्याकडे बघितलं, उपड्या टमरेलाकडे बघितलं. मग त्याचा चेहरा असा काही फुलला, की पेसामिनोला पुढचं वाक्य ऐकायचीच भीती वाटली. "खात्याचं काम करतोयस रे! फुकट! पेसामिनो, तू आरोग्य सेवक झालास!"

"हळू बोल!"

"अख्ख्या गावात ठरावाची अंमलबजावणी करणारा एकच माणूस, आणि तो तू! मी उद्या हे बसमध्ये सांगतो."

"सांग. मग मी सांगतो तुझ्या करवंट्यांबद्दल."

आत भजन संपलं आणि तूईमासाची प्रार्थना सुरू झाली. ती लांब चालणार हे दोघांनाही ठाऊक होतं. दादा आत्ता कुठे देवाच्या पूर्वजांपर्यंत पोचला होता. तेवढ्या वेळात त्यांनी तह केला. एनेलिकोनं करवंट्या मातीत ओतल्या, पेसामिनोनं पोतं त्याच्याच खांद्यावर दिलं, आणि दोघं आपापल्या अंगणात रांगत परत गेले.

*

बुधवारी सकाळी अख्खं गाव योगायोगानं तूईमासाच्या घरावरून चाललं होतं. कुणी कोंबडी शोधत होतं, कुणी नुसतंच उभं राहून चप्पल झटकत होतं. एनेलिको फणसावर चढून बसला होता, फणस काढायला म्हणे. पाचसहा मानकरी समोरच्या घरात गप्प बसून सगळं बघत होते.

कमिटी आली. एकाच छापाचे झगे घातलेल्या बायका, पुढे लांगीमाईना, मागे हातात लाल फडक्यांचा गठ्ठा घेतलेली फोतू, आणि दवाखान्यातली नर्स, तिच्याकडे पळी आणि पांढरा वाडगा. फोतू स्वतःच्याच घराची तपासणी करायला आली होती. नवऱ्याकडे तिनं अनोळखी माणसासारखं बघितलं आणि म्हणाली, "घरमालक कोण?"

"फोतू!"

"नियम आहे. विचारावं लागतं."

बायका अंगणात पसरल्या. टायर उचलले, कोरडे. स्वयंपाकघरामागे झाडलेली माती. टमरेल उपडं. सगळ्यात जास्त चकित झाला तो तूईमासा. पण बोलका मानकरी चकित झालेला कधी दिसत नाही. त्यानं चवरी खांद्यावर टाकली.

"आपण बघताच आहात," तो समोरच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "की या घराण्यानं पहिल्यापासून..."

पेसामिनोनं लांगीमाईनाकडे बघितलं. तिचे खांदे जरासे खाली आले होते. ताई सुटली होती. भाऊ राहिला, कमिटीही राहिली. पेसामिनोला उगाचच बरं वाटलं, आणि ते फक्त पैजेमुळे नव्हतं, म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

निघताना लांगीमाईना सवयीनं वळली. दारापुढेच बाबांची कबर होती, निळ्या फरश्यांची, वर छोटं छप्पर, चार कोपऱ्यांत चार फुलदाण्या. तिनं एक जराशी कललेली फुलदाणी सरळ केली. मग तशीच वाकून उभी राहिली. बराच वेळ.

"पळी दे," ती नर्सला म्हणाली.

फुलदाणीतली फुलं प्लॅस्टिकची होती. प्लॅस्टिकच्या फुलांना कोणी पाणी घालत नाही. पण समुद्राकडून वारा आला की रिकामी फुलदाणी पडते, आणि बाबांवर फुलदाणी पडलेली कशी चालेल? म्हणून लांगीमाईना दर रविवारी प्रार्थनेनंतर चारही फुलदाण्या काठोकाठ भरायची. गावातल्या प्रत्येक घरापुढे कबर होती, प्रत्येक कबरीवर फुलदाण्या होत्या, आणि प्रत्येक घरातली थोरली बाई हेच करायची. कुणालाही कधी त्यात भांडं दिसलं नव्हतं. ते प्रेम होतं.

तिनं पळी वाडग्यात ओतली. पांढऱ्या वाडग्यात अळ्यांनी फेर धरला.

फणसावरून एनेलिकोचा श्वास ऐकू आला.

तूईमासा पुढे झाला. भाषणाचा आवाज नाही, लहानपणचा आवाज. "ताई. ठरावात घरं आहेत. कबरी नाहीत. मेलेल्यांना सवलत आहे. कोणीही काही म्हणणार नाही." आणि त्यानं समोरच्या घराकडे असं बघितलं, की काही म्हणायचा विचार असलेल्यांनीही तो सोडला.

त्यानं तिला वाट करून दिली होती. तिला फक्त त्या वाटेनं चालत जायचं होतं. पेसामिनोनं मनातल्या मनात म्हटलं, जा ताई, जा. आणि मच्छरदाणीचा विचार त्याच्या डोक्यातसुद्धा नव्हता.

"मी भरल्यात या," लांगीमाईना मोठ्यानं म्हणाली. "दर रविवारी. लेमुएलु इथेच खेळतो, याच पायरीवर. आणि मी गावभर दुसऱ्यांच्या करवंट्या शोधत फिरले." तिनं फोतूपुढे हात केला. "फडकं."

फोतूनं नवऱ्याकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं, आणि फडकं दिलं.

लांगीमाईनानं ते बाबांच्या कबरीच्या छपराला बांधलं. गाठ पक्की मारली. "बाबा, रागावू नका," ती म्हणाली. "दंड माझा."

तेवढ्यात वरून आवाज आला, "जिंकलो!"

"कशाचा जिंकलास!" पेसामिनो खालून ओरडला. "पैज घराची होती! हे कबरीला बांधलंय! कबर म्हणजे घर नव्हे!"

"दारातच आहे की!"

"दारात असली म्हणून काय झालं, दारात तर कुत्रंही असतं!"

"गप्प!" तूईमासा म्हणाला. मग तो बराच वेळ काही बोललाच नाही. गावानं त्याला इतका वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं. एका म्हातारीनं त्याला चक्कर आली का म्हणून विचारलं.

"हे घर कोणाचं?" तो शेवटी म्हणाला. "बाबांचं. मी राखणदार. बाबांच्या कबरीला लागलं म्हणजे घराला लागलं, माझ्या दारात लागलं. दंड मी भरीन, आणि खोकं माझ्याच खांद्यावरून कमिटीच्या घरी जाईल." तो समोरच्या मानकऱ्यांकडे वळला. "माझ्या बापाला सवलत मिळाली नाही. आता ज्याचा टायर त्याच्या बापापेक्षा मोठा असेल, त्यानं बैठकीत येऊन सवलत मागावी."

एवढंच. चवरी खांद्यावरून हललीसुद्धा नाही.

समोरच्या घरातल्या एका मानकऱ्यानं हळूच बायकोला खूण केली. ती घाईघाईनं आपल्या घराकडे चालू लागली.

लांगीमाईना भावाकडे बघत उभी होती. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "एवढं लहान भाषण येतं तुला? पंचावन्न वर्षं सांगितलं नाहीस."

"दादा," पेसामिनो रडकुंडीला येऊन म्हणाला, "तू बोललास ते छानच. पण मी पैज हरलो ना रे!"

*

रविवारी प्रार्थना सुटली. पुढे तूईमासा, मानकऱ्यानं कधी काही वाहायचं नसतं तरी खांद्यावर माशांच्या डब्यांचं खोकं घेतलेला, घामाघूम, पण चाल अशी की मिरवणूकच. त्याच्या मागे पेसामिनो, डोक्यापासून पायापर्यंत मच्छरदाणीत, डोक्यावर एनेलिकोनं खोवलेली जास्वंद. एनेलिको नवरदेवासारखा हात धरून.

"गा!" पोरं ओरडली.

पेसामिनो गायला. पाणी ओता, डबा झाका, डासोबांना देऊ धक्का. आवाज त्याला मुळातच नव्हता, होता तो कारखान्यात गोठून गेलेला. पाळकांची बायको हसून हसून खाली बसली. कुणीतरी ओरडलं, "नवरी बरी आहे, पण दाढी करा तिची!" पेसामिनोनं पदर सावरला आणि लाजला. आता पैज फेडायचीच आहे तर नीट फेडू.

पण दुसऱ्या कडव्याला त्याच्या लक्षात आलं, की हसण्यामागे आणखी एक आवाज येतोय. त्यानं जाळीतून मागे वळून बघितलं. वरात पुढे गेली, की घराघरापुढे एखादी बाई कबरीशी वाकत होती. रस्त्याकडे पाठ करून, जणू काही सांडलंच नाही, अशी फुलदाणी उपडी करत होती. पाणी फरशीवरून ओघळत होतं. मग त्याच फुलदाणीत मूठभर वाळू, वर पुन्हा फुलं. एकीनं केलं, की शेजारणीनं केलं. ठरावाला जे जमलं नव्हतं, ते एका घोगऱ्या नवरीला जमत होतं.

बसथांबा आला. पेसामिनो थांबला, मच्छरदाणी डोक्यावरून काढायला लागला. लांगीमाईनानं येऊन त्याचा हात धरला.

"कुठे चाललास?"

"घरी. पैज बसथांब्यापर्यंत होती ताई. फिटली."

"पैज फिटली." तिनं त्याची जास्वंद सरळ केली. "खालच्या आळीत अजून कबरी आहेत. चल. आणि जरा मोठ्यानं गा, तिथे ऐकू कमी येणारे लोक राहतात."

पेसामिनोनं एनेलिकोकडे बघितलं. एनेलिकोनं कान खाजवला.

"मी काही म्हणणार नाही," एनेलिको म्हणाला. "ती तुझी बहीण आहे."

पेसामिनोनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला, घसा खाकरला, आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.